नळाच्या दिवशीचं शिळं पाणी

मासे घरी आले त्या दुपारी मी जेवले नाही. राग नव्हता, उपास नव्हता, भूकच लागली नाही. टीव्हीच्या बाजूच्या टेबलावर काचेची पेटी, पेटीत पाणी आणि पाण्यात सहा झेब्रा मासे. बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळ्या-चंदेरी रेघा, आणि घटकाभर स्वस्थ बसतील तर शपथ. एक पळाला की बाकीचे त्याच्यामागे, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. नवरा म्हणाला, ताट तिथेच आणून देऊ का? मी हो म्हणाले, आणि ताट तसंच थंड झालं.

आमचं घर दिग्रसला. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. तिथल्या ऑफिसात एक जुनी फिश टँक कित्येक वर्षं रद्दीखाली पडून होती. ऑफिस रंगवायला काढलं तेव्हा ती बाहेर आली, आणि नवऱ्याने ती मागून घेतली, कारण लग्नापासून मी त्याच्या कानाशी एकच भुणभुण लावलेली होती. माझं माहेर महागावकडचं. लहानपणी मी शेतातल्या विहिरीच्या काठावर पोटावर पडून खालचे मासे बघायची आणि त्यापायी मार खायची. कोणाला साड्यांची हौस असते, कोणाला सोन्याची. मला माशांची होती, आणि सांगायची लाज वाटायची. मुलगी शिकायला अमरावतीला गेली तसं तिचं टेबल रिकामं झालं. मग मात्र मी मागेपुढे पाहिलं नाही. नवरा मशीनच्या सुट्या भागासाठी यवतमाळला गेला, तो येताना मोटरसायकलवर मासे, खाण्याची डबी आणि स्पंजाचा फिल्टर घेऊन आला. माझा स्वभाव मुळातच घाईचा. चहाला उकळी फुटायच्या आधी मी कप मांडून बसते. ड्रममधलं पाणी टाकीत ओतलं, फिल्टर लावला, मासे सोडले. झालं.

सासूबाई हे सगळं देवघराच्या उंबऱ्यावरून बघत होत्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, तोंडात बोलणं कमी, पण जे बोलतील ते काळ्या दगडावरची रेघ. या घरात मी येण्याआधी त्यांनी एक पोपट पाळला होता. तो मेला तेव्हा त्यांनी अन्नपाणी सोडलं होतं, असं नवरा सांगतो. तेव्हापासून आमच्याकडे कुत्रं नाही, मांजर नाही. त्या टाकीजवळ आल्या, मासे मोजले आणि मला म्हणाल्या, "हे पाह्य बाई, पोरानं आणलं म्हणून मी काही म्हणून नाही राह्यली. पण कोंडलेला जीव घरात मरू द्यायचा नाही. एक जरी मेला, त काच घराबाहेर."

मी मान डोलावली. एवढे टवटवीत मासे कशाला मरतील, असं मला वाटत होतं. त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी पूजा झाली की टाकीपुढे उभ्या राहून बोटाने मासे मोजायच्या आणि मगच स्वयंपाकघरात जायच्या. 

आपण काय करून बसलो ते मला दोन-तीन दिवसांनी फोनवर व्हिडिओ बघताना कळलं. नवीन टाकी लोणच्यासारखी मुरावी लागते. मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचा अमोनिया होतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. टाकी जुनी असली की फिल्टरच्या स्पंजात बारीक जिवाणूंची वस्ती झालेली असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि त्याचा माशांना फारसा त्रास नसतो. ही वस्ती बसायला काही आठवडे जातात. शहाणी माणसं आधी टाकी मुरवतात आणि मग मासे आणतात. मी वरातीमागून घोडं आणलं होतं. आता मासे आत असतानाच टाकी मुरवायची, म्हणजे रोज पाणी तपासायचं, थोडं थोडं बदलायचं, खाणं कमी द्यायचं, आणि तोवर सगळे जिवंत ठेवायचे.

खरं सांगते, भीती वाटायच्या ऐवजी मला उधाण आलं. मी दुपारी एका कृषी केंद्रात बिलं करायला जाते. युरिया, नत्र, जिवाणूंची पाकिटं हे शब्द दिवसभर माझ्या कानावर असतात. पेरणीच्या आधी सोयाबीनच्या बियाला जिवाणूंचं पाकीट चोळतात, ते मी हजारदा विकलंय. तोच खेळ आता माझ्या हॉलमध्ये, मुलीच्या टेबलावर चालला होता. पाणी तपासायच्या थेंबांच्या बाटल्या कुरिअरने मागवल्या. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग बघायचा. अमोनियाच्या नळीत पिवळा रंग म्हणजे ठीक, हिरवा म्हणजे धोका. पहिल्याच दिवशी नळी कोवळ्या हरभऱ्यासारखी हिरवी झाली आणि मी जागेवरून उडाले. नवऱ्याला वाटलं विंचू चावला.

त्यानंतर रोज सकाळी मी बादलीभर पाणी काढायची आणि बादलीभर भरायची. इथेच खरी गाडी अडली. आमच्या भागात नळ रोज येत नाही. कधी दोन दिवसांनी येतो, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. पाणी आम्ही ड्रममध्ये साठवतो आणि तांब्याने मोजून वापरतो. अशा घरात रोज बादलीभर पाणी बाहेर घालवायचं म्हणजे भर चौकात नोटा जाळण्यासारखंच. मी ती बादली मागच्या वांग्यांना घालायची, तरी कुंपणापलीकडून बायका बघायच्या. एक काकू म्हणाल्याच, की तुमच्याकडे मासोळ्यायले आंघोळीचं पाणी वेगळं असते म्हणे. सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी निम्मं केलं. मला ते कळलं आणि त्यांचा रागही आला. बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

एक मात्र आमच्या पथ्यावर पडलं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांना मारतं आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही. मोठ्या शहरातले लोक ते काढायला औषध टाकतात. आमच्या ड्रममधलं पाणी दोन-दोन दिवस उघडं राहिलेलं, त्यातलं क्लोरीन आपोआप उडून जायचं. म्हणून मी ते औषध कधी आणलंच नाही. ज्या टंचाईला आम्ही बोटं मोडायचो, तीच माझ्या माशांना मानवली होती.

मधेच एकदा पाणी दुधासारखं पांढरं झालं. नव्या टाकीत तसं होतं, आपोआप निवळतं, हे मी वाचलेलं होतं. पण सासूबाईंना कोण सांगणार. त्या हातात तुरटीचा खडा घेऊन टाकीपाशी उभ्या होत्या, कारण गढूळ पाण्याला तुरटी फिरवायची हे त्यांना आईच्या पोटातून शिकून आल्यासारखं ठाऊक. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. मग येणारे-जाणारे. आमच्याकडे माशांना खाऊ घालणं हे पुण्याचं काम. तळ्यावर गेलं की कणकेच्या गोळ्या टाकायच्याच. घरात मासे आहेत म्हटल्यावर पाहुणा रिकाम्या हाताने कसा बसेल? एकाने बिस्किटाचा चुरा टाकला, एकीने मुरमुरे. त्या प्रत्येक चिमटीबरोबर माझ्या नळीतला हिरवा रंग गडद व्हायचा आणि मला चेहऱ्यावर हसू ठेवून चहा करावा लागायचा.

एका दुपारी मात्र मी कामावरून आले तेव्हा सासूबाई टाकीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या बहिणीच्या हातातली पोळी त्यांनी काढून घेतलेली होती. बहिणीला त्या समजावून सांगत होत्या, की यायले जास्त खाऊ घातलं की यायचं पाणी नासते, आपल्या सोयाबीनच्या बियाले लावतो तसे जिवाणू आतमध्ये वाढवून राह्यलो आम्ही, ते वाढू दे, मंग घाल. मी दारातच थांबले. 'आम्ही' म्हणाल्या होत्या. मी चपला न काढताच आत गेले आणि त्यांनी मला त्यावरून झापलं.

त्याच आठवड्यात नायट्राइटची नळी पहिल्यांदा जांभळी झाली. याचा अर्थ पहिले जिवाणू आले होते, कामाला लागले होते. धोकाही होताच, पण मला एवढा आनंद झाला की मी मुलीला अमरावतीला फोन लावला आणि वर्गात बसलेल्या पोरीला जांभळ्या नळीचा फोटो पाठवून उत्तर मागत राहिले. सासूबाईंनीही नळी हातात घेऊन उजेडात धरून बघितली. सहाच्या सहा मासे ठणठणीत होते. अजून थोडं पाणी बदललं, थोडं थांबलं, की दुसरे जिवाणू येणार आणि टाकी मुरणार. शर्यत माझ्या हातात आली होती.

आणि मग तो नळाचा दिवस आला.

नळाचा दिवस आमच्या गल्लीत कसा असतो ते सांगायला हवं. पाणी यायच्या आधी प्रत्येक घरी जुनं, शिळं पाणी ओतून दिलं जातं. ड्रम घासले जातात, माठ पालथे पडतात, घागरी चिंचेने चकाकतात. पाणी कितीही टंचाईचं असो, ताजं यायचं म्हटलं की शिळं ठेवायचं नाही, हा नियम. ज्या घरी शिळं पाणी राहतं ती बाई आळशी ठरते. अशी एक बाई आमच्या गल्लीत होती, अगदी समोरच्या घरची सून. ती ब्लाउज शिवते, दिवसभर मशीनवर असते, आणि नळ आला की ड्रम न घासता त्यातच वरून भरून घेते. एकदा आरोग्य विभागाच्या बायका डासांच्या अळ्या तपासायला आल्या आणि तिच्या ड्रममध्ये अळ्या सापडल्या, तेव्हा सासूबाईंनी ती गोष्ट गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

मी संध्याकाळी कामावरून परतले. अंगणात पाणी सांडलेलं, ड्रम काठोकाठ भरलेले, आणि सासूबाई दारातच प्रसन्न चेहऱ्याने उभ्या. मला हाताला धरून त्या टाकीपाशी घेऊन गेल्या. टाकी आरशासारखी लखलखत होती. त्यांनी जुनं पाणी जवळजवळ सगळं काढून मागे ओतलं होतं, फिल्टरचा काळपट, बुळबुळीत स्पंज नळाखाली चोळून चोळून पिवळा केला होता, आणि नळाला पाइप लावून थेट ताजं पाणी भरलं होतं.

"आपण ताजं पेतो, न् त्यायनं काहून शिळं प्यावं?" त्या म्हणाल्या.

मी मासे बघितले. सहाही वर आले होते, पाण्याच्या अगदी कडेला, तोंडं उघडी. एक तिरपा होऊन फिल्टरच्या बुडबुड्यांबरोबर वाहवत होता. टाकीवर वाकले तर पोहण्याच्या तलावासारखा वास. त्या दिवशी नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त पडलेलं होतं.

मी ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंवर मी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढला. काय बोलले ते शब्दाला शब्द आठवत नाही. ताजं पाणी विष आहे, स्पंज धुतला म्हणजे सगळे जिवाणू मारले, हे मेले, आता हे मेलेच, असं काहीतरी.  मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग कोणतं पाणी लागते?"

शिळं, मी म्हणाले. निदान काल-परवाचं, उघडं राहिलेलं. आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, की आज नळाचा दिवस. आमच्या घरी थेंब शिळा नाही. शेजारी नाही. गल्लीत नाही. तासाभरापूर्वी सगळ्यांनी शिळं पाणी नालीत सोडलेलं होतं. एरवी जे आम्ही नाक मुरडून फेकतो, ते आज सोनं देऊनही मिळत नव्हतं. हापशी उन्हाळा लागला की कोरडी पडते, ती पडलेलीच होती. क्लोरीन काढायचं औषध यवतमाळशिवाय मिळायचं नाही.

मी फिल्टरचा हवेचा पंप पूर्ण जोराने सोडला आणि पातेल्याने पाणी उपसून वरून ओतत राहिले, म्हणजे तेवढंच क्लोरीन उडेल. मान वर करून बघते तर सासूबाई नाहीत. बादली पण नाही. खिडकीतून पाहिलं. त्या पदर खोचून गल्ली ओलांडत होत्या, समोरच्या घराकडे.

मी पातेलं टाकून मागे गेले. समोरची सून मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या. सासूबाई उंबऱ्याबाहेर बादली घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुह्याकडे शिळं पाणी हाय काय?"

तिने टाचण्या काढून हातात घेतल्या. तिचा चेहरा लाल झाला. "काकू, आता घरी येऊन टोमणे मारून राह्यल्या काय?"

"टोमणा नाही माय. मासोळ्या मरून राह्यल्या. माह्याच हातानं."

 ती उठली, मशीनवरचं कापड बाजूला ढकललं आणि मोरीतला मोठा ड्रम दाखवला. तो तिने आज भरलाच नव्हता. लग्नसराईचे ब्लाउज द्यायचे होते, नळ आलेला तिला कळलाही नव्हता. अर्धा ड्रम पाणी, किती दिवसांचं कोण जाणे, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. एरवी मी तोंड फिरवलं असतं. त्या दिवशी त्या पाण्याला हात जोडायचेच काय ते बाकी होते.

आम्ही तिघींनी बादल्या वाहिल्या. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, की आळशी म्हणून नावाजलेल्या बाईच्या घरून अळ्यांचं पाणी वाजतगाजत कोणाकडे चाललंय. सासूबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टप हॉलमध्ये मांडला, त्यात ते पाणी ओतलं, हवेच्या पंपाची नळी सोडली. चहाच्या गाळणीने मी एकेक मासा उचलून टपात टाकला. पाच तळाशी जाऊन गप्प उभे राहिले. सहावा आडवा पडला.

मग वाट बघणं. समोरची सून मशीन उघडी टाकून आमच्याच जमिनीवर बसली. नवरा जिनिंगमधून आला, काय चाललंय ते न विचारता तोही बसला. टपाच्या काठाशी चार डोकी. बराच वेळ काहीच नाही. कल्ले भराभर हलत होते, तेवढंच.

आणि अचानक एका माशाने झेप घेतली. सरळ वर आला, एक अळी पकडली, वळला, दुसरी पकडली. त्याच्यामागून आणखी एक. पाण्यात नुसती धावाधाव. मी टाळ्या पिटल्या. समोरची सून म्हणाली, माह्या घरच्या अळ्या कामी आल्या म्हणायच्या. नवरा हसता हसता मागे कलला. सासूबाईंनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि विचारलं, हे मटन खातात काय? मी म्हटलं, खातात. त्या म्हणाल्या, "खाऊ दे. पण जगू दे." त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मघाशी घसा फोडून ओरडले होते ते आठवलं आणि धरले नाहीत, लाज वाटली.

सकाळी मी उठले तेव्हा टपात पाच मासे फिरत होते. सहावा तळाशी होता. तो तसाच आडवा, रंग उतरलेला.

 त्याला बाहेर काढून मागच्या मातीत पुरलं आणि परत येऊन टाकीचा पाइप बादलीत सोडला. पाणी काढायला सुरुवात केली. अट म्हणजे अट. गयावया करायचा माझा पिंड नाही, आणि काल ज्या तोंडाने ओरडले त्याच तोंडाने सवलत मागणं मला जमलं नसतं. उरलेले पाच यवतमाळच्या दुकानात परत द्यायचे, पेटी परत रद्दीखाली. रडू येत होतं, पण ते मी पाइपकडे बघत गिळत होते.

सासूबाई पूजा करून आल्या. टपाजवळ उभ्या राहिल्या. मोजले. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय करून राह्यली?"

"अट होती ना, आई."

त्यांनी पाइप टाकीतून ओढून काढला. पाणी फरशीवर सांडलं. त्या ओल्या फरशीवरच बसल्या. "तुह्या हातून गेला असता, त मीच काच उचलून बाहेर ठेवली असती," त्या म्हणाल्या. "हा माह्या हातून गेला. आता काच बाहेर काढली, त माह्या हातून सहाही गेले."

मग मात्र मी त्या ओल्या फरशीवर त्यांच्या शेजारी बसून मनसोक्त रडले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, की आता पहिल्यापासून काय काय करावं लागते ते सांग.

पहिल्यापासून म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. धुतलेल्या स्पंजात काहीच उरलं नव्हतं. पुन्हा हिरव्या नळ्या, पुन्हा रोजची बादली. पण या खेपेला ती बादली सासूबाई उचलायच्या, दिवसाढवळ्या, कुंपणापलीकडच्या बायकांच्या देखत. पाच माशांचं खाणं त्या स्वतःच्या चिमटीने द्यायच्या, इतकं कमी की मलाच दया यायची. पाहुणा टाकीकडे वळला की त्या आडव्या यायच्या. मोरीत एक ड्रम फक्त माशांचा ठरला, त्याला नळाच्या दिवशी कोणी हात लावायचा नाही. त्यावर जाळी बांधली, कारण आरोग्य विभागाच्या बायका यायच्याच होत्या. तरी कधी पाणी कमी पडलं तर समोरची सून हाक न मारता बादली दारात ठेवून जायची, आणि सासूबाई त्या बादलीत वांगी घालून ती परत करायच्या. तिचं शिळं पाणी घातलेल्या झाडांना वांगी जास्त लागतात, असं एकदा मी त्यांना तिच्या तोंडावर सांगताना ऐकलं. आता दोघींचं बोलणं इतकं सुरू झालंय, की तिच्याकडे दिलेल्या माझ्या साडीला फॉल लावायचा महिनाभर राहून गेला.

आणि एका सकाळी नळ्या भरल्या. अमोनियाची पिवळी. मी परत थेंब टाकले, परत पिवळी. नायट्राइटची आभाळासारखी निळी, जांभळ्याचा लवलेश नाही. नायट्रेटची नारिंगी. म्हणजे दोन्ही जिवाणू आले होते, बसले होते, पाणी स्वतःचं काम स्वतः करायला लागलं होतं. मी तीन नळ्या हातात घेऊन घरभर फिरले. नवऱ्याच्या दाढीच्या फेसासमोर धरल्या. समोरच्या सुनेला खिडकीतून दाखवल्या. मुलीला फोन लावला, तिने उचलल्याबरोबर मी म्हटलं, मुरली! तिने विचारलं, काय मुरलं, लोणचं?

सासूबाई देवघरातून आल्या. म्हणाल्या, "म्हणजे आता पाण्यानं मरत नाहीत?" मी म्हटलं, पाण्याने नाही. त्यांनी टाकीकडे बघितलं. "मंग चाल यवतमाळले," त्या म्हणाल्या. "एक जागा रिकामी हाय."

दुकानात त्यांनी एकेक मासा न्याहाळला, दुकानदाराला तीनदा जाळी फिरवायला लावली, आणि शेवटी सगळ्यात जास्त पळणारा निवडला. परतीच्या गाडीत आम्हाला चाकावरची सीट मिळाली. पाण्याची पिशवी त्यांच्या दोन्ही तळहातांवर. दारव्ह्यानंतर रस्ता खराब आहे, प्रत्येक खड्ड्याला पिशवीतलं पाणी हेलकावायचं आणि त्यांचे हातही पाण्याबरोबर हलायचे. त्यांनी हात एकदाही मांडीवर टेकवले नाहीत. मी हात पुढे केला आणि म्हटलं, द्या माझ्याकडे थोडा वेळ.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माह्या हातात जगते काय ते पाहू दे मले."

मी हात मागे घेतला. दिग्रस येईपर्यंत त्यांनी नजर पिशवीवरून काढली नाही.